खिडकीजवळची खुर्ची

देवपुरात दुसऱ्या मजल्यावर
बारा टेबलं, एक खडखडणारा कूलर,
आणि साइटवर नऊ मेनू. माझेच.

भदाणे अप्पा, विम्याची कामं करणारे,
बोट ठेवतात
खिडकीजवळच्या खुर्चीच्या फोटोवर.
काहीच होत नाही.
पुन्हा ठेवतात, जरा जोरात,
कडी वाजवावी तसं.
मग सरळ मॅनेजरला फोन.

मी शेजारी, वही घेऊन गप्प.
‘बुक करा’ वर उजव्या कोपऱ्यात आहे
हे सांगायचं नाही, असा नियम.
माझाच.

रात्री बरंच पुसलं.
फोटोलाच दार केलं.
आत एकच प्रश्न: कधी येताय?

मंगळवारी अप्पांचा फोन आलाच.
“आते जमनं बरं.
पन ती खुर्ची
कोनीतरी पहिलेच लई लिधी ना!”