सदतीस पावलं

आमच्या शहापुरात झोपसुद्धा मागाच्या तालावर यायची.
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
फणीचा ठोका, पुन्हा धोटा.
तो आवाज मला कधी टोचला नाही.
तो पुढं कुठं पडणार हे आधीच ठाऊक असायचं.

टोचायचं ते दुसरंच.
पाटीवर पेन्सिल तिरकी घासली की हिरड्यांत कळ,
न्हाणीत तांब्या निसटला की डोळ्यांपुढं पिवळा डाग,
वरातीचे ताशे वळणावर आले की मी
सुताच्या गठ्ठ्यांत डोकं खुपसून उकिडवा.
आप्पा म्हणायचे, पोराचे कान पातळ आहेत.
आई तुटक्या धाग्यांचे बोळे करून द्यायची,
एक पांढरा, एक निळा, जे हाताला लागेल ते.

शेजारची निंगव्वा मात्र दोन्ही बोळे काढून म्हणायची, केळु.
आम्ही पोरं हसायचो, कुठाय केळं?
कन्नडात ऐक म्हणायलाही तोच शब्द, विचार म्हणायलाही तोच,
हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

अठ्ठावन्न सालचा नाताळ. कॅम्पात इनास बारदेसकराच्या घरी
त्याच्या तारवटी मामानं एडनहून तबकडी आणलेली.
आधी सुईची खरखर. ती बहुतेक मी एकट्यानंच ऐकली,
बाकीचे गाण्याची वाट बघत होते.
मग थोडा वेळ काहीच नाही.
आणि मग

दाराची फळी अंगावर पडावी तसा ढोल, थेट दाढांत.
गिटारीची तार जिभेवर, तांब्याच्या पैशाची चव.
खाली कुठंतरी एक जाड तार चालत होती,
ती पोटानं ऐकली.
आणि तो माणूस गात कुठं होता?
उचकी लागल्यासारखा शब्द मधेच मोडायचा,
अर्धा हवेत सोडायचा,
उरलेला कुठं पडणार
हे माझ्या कानांना कुणीच सांगितलं नव्हतं.
इनासच्या बहिणी फ्रॉक फिरवत नाचत होत्या,
बशीतल्या करंज्या सरकत सरकत कडेला आल्या होत्या.
मी पळालो. चपला आतच.

पंधराव्या पावलाला अजून दुखत होतं.
पंचविसाव्याला दात मोकळे झाले.
तिसाव्याला ढोल तेवढा उरला, कोरडा.
सदतिसाव्याला मिलिटरीच्या भिंतीकडंचं जांभळाचं झाड,
बुंध्याला पाठ टेकली
आणि सगळंच आलं.
जाड तार, बारीक तार, मोडलेले शब्द,
त्या दोघांमधली रिकामी जागासुद्धा,
उतू जाता जाता खाली बसलेल्या दुधासारखं.
देवा, काय होतं ते!
मी एकटाच गुडघे हलवत होतो, अनवाणी.

इनास चपला घेऊन आला. भ्यालास मर्दा?
नाही.
मग आवडलं नाही?
आवडलं की. परत लाव.
मग आत ये.
नको. तू लाव. मी हितंच आहे.
तो बघत राहिला, चपला ठेवल्या, गेला,
आणि रस्त्याकडची खिडकी उघडली.
पुढं दर रविवारी ती उघडी असायची. पावसातही.
त्याच्या आईच्या शिव्या सदतीस पावलांवरून
स्पष्ट ऐकू यायच्या.

इनास बोटीवर गेला, दोन पत्रं आली.
जांभळ रस्त्यात गेलं.
हातमाग जाऊन यंत्रमाग आले, चाळीस वर्षं त्यांच्यात उभा राहिलो.
परवा इस्पितळात कानांना यंत्र लावून पोरगी म्हणाली,
आजोबा, उजवा जवळजवळ गेलाय, डावा निम्मा.
ती काय बोलली ते दुसऱ्यांदा विचारून घेतलं.

म्हणजे ती पावलं आता माझ्या कानातच आहेत.
चालायला नको, मोजायला नको.
आता मी सुईच्या अगदी शेजारी बसू शकेन,
करंज्यांच्या बशीला हात लावून.

केळु, निंगव्वा. विचारतोय.
कुणाकडं ती तबकडी असेल तर सांगा.
खिडकी लावून घेतली तरी चालेल.