सहा आठवड्यांची थंडी

विशाखाने पालमपूरहून पाठवला
ओल्या चिंधीत गुंडाळलेला गड्डा.
वर चिठ्ठी : बाबा, याला होस्टा म्हणतात.
फुलांसाठी नाही, पानांसाठी लावायचं.
सावलीत ठेवा.

सावली.
सिंदेवाहीत मे महिन्यात
ती म्हशी आपापसात वाटून घेतात.

तरी न्हाणीमागं जागा केली,
धोप्याच्या शेजारी,
भांड्यांचं पाणी दिवसभर झिरपतं तिथं.
पाच पानं आली. निळसर,
शिरा अशा खोल की कुणी ओळी आखल्या
आणि लिहायचं राहून गेलं.
वनमाला मेश्राम कुंपणावरून म्हणाली,
'का होय जी हे? वडी होते का याची?'
नाही म्हटलं.
'मंग काऊन पोसता?'
उत्तर सुचलं नाही.
धोप्याची चार पानं तोडून दिली तिला.

एप्रिलात कडा करपल्या, पापडासारख्या.
कुंडीत काढून कूलरमागं नेला,
ओलं पोतं गुंडाळलं. बाहेर सत्तेचाळीस.
शेवटचं पान शेळीनं खाल्लं,
मला वाटतं दयेनंच.

विशाखा फोनवर म्हणाली,
'ऊन तर आहेच बाबा, पण
त्याला झोप मिळत नाही तिकडं.
इथं तो बर्फाखाली निजतो.
निजला नाही तर उठायचं विसरतो.'

मी व्रणोपचारक. अठ्ठावीस वर्षं
बैलांच्या खांद्यावरच्या जखमा धुतल्या.
झोपेचा इलाज कुणी शिकवला नव्हता.
पण दवाखान्यात फ्रीज होता, सरकारी,
लाळ-खुरकुताच्या लसीचा,
काटा चारवर.

डिसेंबरात गड्डा उकरला, माती झटकली,
भाताच्या कोंड्यात घालून
खालच्या कप्प्यात सरकवला, लसींच्या मागं.
डॉक्टरसाहेबांनी दोनदा विचारलं,
'रामटेके, हे आलं कुणाचं?'
मी दोनदा खोकलो.
रात्री लाइट गेली की
चावी घेऊन सायकलीनं जायचो.
दार उघडायचो नाही.
नुसता तळवा टेकवायचो बाहेरून,
गाभण गाईच्या कुशीवर टेकवतो तसा.

विशाखा तिकडं रात्रपाळीला असायची.
तिला झोप मिळते का,
हे विचारायचं मला
तेव्हा सुचलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी
कुंडीत टोक दिसलं, जांभळं,
वासराला शिंग फुटतं तेवढं.
चार दिवसांनी सुरळी.
फोटो काढला, पाठवला नाही.
कूलरची खस बदलायची आहे,
पोती आणायची आहेत,
शेळीवाल्याशी बोलायचं आहे.

वनमाला वाटी परत द्यायला आली.
वाकून बघितलं तिनं, बराच वेळ.
'उठलं का जी?'

उठलं, म्हटलं.
हळू बोल.