हळवे हाथे

चौतीस वर्षं फळ्यावर कोन काढले.
ताटाएवढा लाकडी कोनमापक, मूठ झिजून गुळगुळीत,
तीस अंश म्हटलं की हात आपोआप थांबायचा.
आता न्हाणीघराच्या आरशापुढे, बनियनवर,
तोच हात विचारतोय, कुठून मोजायचे?
गालाला पायारेषा नसते.

वस्तरा जयंतीभाईंचा.
खारीवाव रोडच्या बोळात एक खुर्ची, दीड आरसा,
आणि दर रविवारी माझी मान.
सगळ्या बडोद्यात पाती बदलायचे वस्तरे आले तरी
आम्हा चार-पाच जुन्या गिऱ्हाइकांसाठी
त्यांनी हा एक पट्ट्यावर जिवंत ठेवला होता.
दुकान आवरलं तेव्हा रुमालात गुंडाळून दिला,
वर एक फुगा.
"आधी याची दाढी करा. हळवे हाथे, साहेब."

हळवे.
गुजरातीत त्याचा अर्थ हलक्या हाताने, सावकाश.
मी तो शब्द घरी आणेपर्यंत त्याचा मराठी झाला,
आणि हात खरोखरच हळवा:
फेसाळलेला फुगा बघूनच कापू लागला.
फुटला.
चष्म्यावर साबण, गीझरवर साबण.
वृंदा दारात आली, पाहिलं,
"बरं झालं, फुग्याला बायको नव्हती," म्हणाली
आणि कुकर बंद करायला गेली.

सात फुगे गेले.
पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे,
वळवायचा तोही पाठीवरूनच.
हे पाठ होईतो पट्ट्याला दोन खाचा.
पहिला आठवडा फक्त उजवा गाल,
बाकीचं तोंड जुन्या रेझरच्या हवाली.
जोर द्यायचा नसतो. त्याचं वजन त्याला पुरतं.
आपण कातडी ताणून धरायची
आणि मध्ये यायचं नाही.
(एवढं मला वर्गातल्या एकाही पोराबाबत
जमलं नव्हतं.)

हनुवटीखाली केस कुठल्या दिशेला उगवतात
हे मला साठाव्या वर्षी कळलं.
डावीकडे एक भोवरा आहे, उलटा.
जयंतीभाईंना तो तीस वर्षं ठाऊक होता.
कधी बोलले नाहीत.

बोलायचे ते बाकी सगळं:
विश्वामित्रीचं पाणी, तुरीचा भाव, जावयाचा टेम्पो.
पण कंठमण्यापाशी आले की वाक्य अर्ध्यात थांबायचं.
मला वाटे, विसरले.
धार पलीकडे उतरली, फेस पुसला,
की सोडलेल्या शब्दापासून पुढे चालू.
गेल्या बुधवारी तिथे मी स्वतः वस्तरा टेकवला
आणि नळ टपकतोय हेही ऐकू येईना.

शेवटच्या रविवारी ते म्हणत होते,
"दीकरो कहे छे, हवे तो बापूजी, तमे..."
आणि कंठापाशी थांबले.
थांबूनच राहिले.
आरशात पाहिलं तर वस्तरा हवेत,
लाटेवरच्या उन्हासारखा हलत.
त्यांनी तो मिटला.
अर्धी मान तशीच ठेवून टॉवेल झटकला,
जिथे काही लागलंच नव्हतं तिथे तुरटी फिरवली.
पैसे घेतले नाहीत.
वाक्य राहिलं.

काल सबंध दाढी जमली.
एक काप, कानाखाली, तुरटीवर भागला.
रिक्षा करून गोत्रीला गेलो, त्यांच्या मुलाच्या फ्लॅटवर.
चहा आला. कपबशी त्यांच्या हातात किणकिणत राहिली,
मी पंख्याकडे बघत विचारलं,
"त्या दिवशी मुलगा काय म्हणाला होता?"
"कये दिवसे?"
आठवत नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं.

मग बशी खाली ठेवून
खुर्ची माझ्याजवळ ओढली,
बोटांच्या पाठीने गळ्याकडून वर
चाचपत आले, हनुवटीखाली, डावीकडे,
आणि थांबले.

"अहीं रही गयुं, साहेब."