पाठकुळी

पावणेदोनला फोन आला:
पोहण्याच्या पुलाअलीकडे चेसीस बसली आहे.
एकटी नाही, पाठीवर दोघींना घेऊन.

वडकीहून क्रेन काढली.
छतावरचा पिवळा दिवा पऱ्हाटीच्या वावरांवर फिरत होता,
बोंडं क्षणभर पिवळी,
क्षणभर नव्हतीच.
शेजारी डोमाजी उस्ताद, डावा पाय सरळ ठेवून,
एखादा जुना पार्ट सांभाळून न्यावा तसा.
करंजीच्या उतारावर एकदा साखळी तुटली
आणि त्यांच्या गुडघ्यातून निघून गेली.
तेव्हापासून ते साखळीची कडी न् कडी बोटांनी मोजतात,
उधारी मोजावी तशी.

तिथं त्या उभ्या होत्या.
नव्या कोऱ्या तीन चेसीस, ना केबिन, ना दार, ना काच.
दुसरीची पुढची चाकं पहिलीच्या पाठीवर,
तिसरीची दुसरीच्या,
मागचे पाय तेवढे डांबरावर.
तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल
कुण्या पोरानं एकमेकांवर चढवून झोपी जावं, तसं.

पहिलीवर काथ्यानं बांधलेली फळी
आणि फळीवर हरिचरण महतो.
जमशेदपूरहून निघून सहावा दिवस.
डोळ्यांना गॉगल, नाकापर्यंत गमछा,
गाडी बंद, तरी दोन्ही हात स्टेअरिंगवर.
म्हटलं, खाली या, आमच्या केबिनमध्ये बसा.
म्हणाला, कागदावर सही माझी आहे.

उस्तादांना जोडाचे बोल्ट तपासायचे होते.
रस्त्याची कड खचलेली, गवत दहिवरानं निसरडं.
मोबाइलवर फोटो काढून आणतो म्हटलं
तर म्हणाले, "डोया खोटं बोलते बे. बोट नाई बोलत."
मग मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो.
त्यांनी आधी शिवी दिली.
मग गळ्यात हात टाकले.

स्टेपनीहून हलके भरले उस्ताद.
कानाशी ग्रीस आणि खर्ऱ्याचा वास.
त्या तिघींच्या बाजूनं आम्ही दोघं असे निघालो
तेव्हा महतो पहिल्यांदा हसला,
धुळीच्या तोंडात दात तेवढे स्वच्छ.

पाठीवरून हुकूम येत गेले:
"शाफ्ट उतरव आधी, नाईतं ओढता ओढता गिअरबॉक्स जळन.
साखळ्या फुली करून बांधजो.
आता हवा दे."

हवेचं मला पहिल्या वर्षी कळायचं नाही.
वाटायचं, हवा संपली की ब्रेक सुटत असतील,
माणसाचं सगळं सुटतं तसं.
उलट आहे.
हवा गेली की आतली स्प्रिंग चाकाला कवटाळून बसते.
बंद पडलेली गाडी जागा सोडत नाही.
तिला हलवायचं तर आपल्या गाडीची हवा
नळीनं तिच्यात भरावी लागते
आणि काटा सहावर येईतो
गप उभं राहावं लागतं.

उभे राहिलो. उस्ताद पाठीवरच.
खाली वर्धा नदी, पाणी कमी, गोट्यांतून बोलणारी.
मग फुस्स झालं. तेवढंच.

पुढची चाकं अधांतरी उचलून
ताशी पंधरानं वडकीकडे निघालो.
महतो फळीवरच बसला होता.
आरशात दिसत होतं,
दर वळणावर तो स्टेअरिंग फिरवत होता
आणि त्याची चाकं हवेत वळत होती,
बरोबर, जितकी वळायला हवीत तितकी.

चहाच्या टपरीवर म्हणाला, एकतीस वर्षं हेच करतो,
आजवर एकाही ट्रकचं दार लावलेलं नाही.
पोचवतो, सही घेतो,
फळीवरची गादी काखेत मारून जनरल डब्यानं परत.
दारं नंतर कुठंतरी बसतात म्हणे.

उजाडता उजाडता मी क्रेनखाली पुन्हा वाकलो.
"चाल हट," उस्ताद म्हणाले, "मी काय चेसीस आहो?"
आणि दांडीला धरून, शिव्या देत, स्वतःच उतरले.

बिल त्यांनी एकाच गाडीचं फाडलं.
मी म्हटलं, उस्ताद, तीन होत्या.
"एसटीत कडेवरच्या लेकराचं
तिकीट लागते का बे?"