संपृक्त मीठ

कंडक्टरनं विचारलं, "बेदाणा काय, मॅडम?"
मांडीवर खोका, त्यावर लाखेचे पाच ठिपके.
म्हटलं, सरकारी आहे.
तासगाव ते स्वारगेट मी तो खाली टेकवला नाही.
आत चार बरण्या.
निंगव्वाचं आणि तिच्या धाकट्या बहिणीचं
डॉक्टरांनी काढून दिलं ते,
मिठाच्या पाण्यात.
पाणी असं लागतं, की आणखी चिमूट टाकली तर तळाशी बसेल.
त्याला संपृक्त म्हणतात.
फॉर्मवर माझं जोडाक्षर चुकलं, तेव्हा डॉक्टरांनी शिकवलेला शब्द.

दोघी जतकडच्या.
शेडवर बेदाण्याच्या काड्या काढायच्या,
निजायच्या गोदामाला चिकटून असलेल्या खोलीत.
पहाटे ओकाऱ्या, छातीत कळ, हातपाय गार.
मिरजेच्या वाटेत एक गेली,
पोचल्यावर दुसरी.

गावाला पंचनामा लागत नाही.
रात्री अंड्याचं कालवण होतं, डबा बायनाबाईचा.
झालं.

तिची चूल आम्हीच सील केली.
तेल नेलं, तिखट नेलं, मिठाचा डबा नेला,
पातेलंही नेलं, न घासलेलं.
ती एवढंच म्हणत राहिली,
"नऊजणं जेवली ओ त्यातलं, सात हिंडत्यात की."
मी जबाबात लिहिलं. पान चौथं.
चौथ्या पानापर्यंत कोण जातं?

आशाताई रुक्साना मुजावर पाण्याचा नमुना घ्यायला आली होती.
तिला भिंतीच्या फटीपाशी मेलेल्या मुंग्यांची ओळ दिसली,
खरकट्याकडे निघालेली,
खरकट्यापर्यंत न पोचलेली.
कोनाड्यात एक पाल, उताणी.
आणि निंगव्वाचा तांब्या,
शनिवारीच चिंचेनं घासलेला म्हणे,
काळा पडला होता.
तिच्या वहीत याला रकाना नव्हता.
ताप, हगवण, डेंगी, इतर.
'इतर'मध्ये तिनं लिहिलं : मुंग्या.
वरच्या साहेबांनी लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलं.

भिंतीपलीकडे पोत्यांत किडीच्या गोळ्या ठेवल्या होत्या असं एक हमाल म्हणाला,
दुसऱ्या दिवशी तो नाही म्हणाला.
मालक म्हणाले, आमच्या मालाला कीडच लागत नाही.
आम्ही गेलो तेव्हा गोदामाची दारं सताड उघडी,
फरशी धुतलेली,
फिनेलचा वास.

पुण्यात पहिल्या खेपेला खोका परत.
कागदावरचा शिक्का आणि लाखेवरचा शिक्का जुळेना.
बरण्या पुन्हा माझ्या मांडीवर,
कराडला गाडी बंद पडली, दुपारचं ऊन, दोन तास.
दुसऱ्या खेपेला घेतला.
पावतीवरचा नंबर इतका लांब
की मी मनात मोजू लागले
आमच्या पुढं किती माणसं मिठात बसून आहेत.

अकरा महिन्यांनी अहवाल आला.
ओळी दोन. विष आढळून आले नाही.

डॉक्टर सावकाश बोलले.
वायू होता तो बहुतेक,
इतक्या दिवसांत,
बूच उघडताना, बरणी बदलताना, थोडाथोडा निघून गेला असेल.
नाही सापडलं म्हणजे नव्हतं, असं नाही.
मला कळलं.
पण हे कुठल्या नमुन्यातल्या अर्जात लिहायचं
ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.
मृत्यूच्या नोंदीत कारणापुढं आडवी रेघ आहे.
निंगव्वाच्या भावाला फोन केला,
तो कानडीत बराच वेळ काहीतरी म्हणाला
आणि मी नुसतं हूं हूं केलं.

बायनाबाईची खानावळ उघडलीय परत.
चार गिऱ्हाईकं असतात, कधी दोन.
परवा ड्युटी संपल्यावर गेले, मुद्दाम वर्दीतच.
ती पातेलं समोर आणते,
पहिला घास स्वतः खाते,
मग आपल्याला वाढते.
कालवण अळणी होतं.
मीठ ती आता शिजवताना घालतच नाही,
ताटाशेजारी वेगळं ठेवते, कागदावर,
दुकानातल्या बंद पुडीतलं,
आपल्यासमोर फोडून.