शेवाळातलं नाव

आइसलँडच्या या उतारावर कुणीतरी
बुटाच्या टाचेनं नाव कोरून गेलंय.
पाच अक्षरं, माणसाएवढी उंच.
स्टाइनव्हर गुडघे टेकते,
बादलीतलं शेवाळ चिमटी-चिमटीनं काढून
उघड्या पडलेल्या काळ्या लाव्ह्यावर थापते,
तापल्या कपाळावर ओली घडी ठेवावी तसं.

खाली वाहनतळावर तिसरी बस.
दोरी घोट्याएवढीच उंच, मुद्दाम:
अडवायला नाही, आठवण द्यायला.
तरी तिघं ओलांडतातच.
ती ओरडत नाही. एकाच्या तळहातावर
शेवाळाचा तुकडा ठेवते:
"हे बोटभर वाढायला
तुझ्या वडिलांचं अख्खं वय लागलं."
तो हात तसाच पुढे धरून
वाटेवर परततो,
कुणाचं झोपलेलं मूल उचलल्यासारखा.

संध्याकाळी मोजणीयंत्रात चारशे बारा.
त्यात ती, मी,
आणि दोनदा ये-जा केलेली एक मेंढी.

चार अक्षरं बुजली. पाचवं अर्धं राहिलं,
धुकं उतरलं म्हणून.
राहू दे, म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात बघू.
ज्यानं लिहिलं तो एव्हाना
विसरलाही असेल हा डोंगर.
नाव काय होतं, हे आता
तिलाच तेवढं पाठ.
मी विचारलं नाही.