दार बंद

सत्काराला अवकाश होता. बाई म्हणाल्या,
"कुष्टा, सांतिनेजला जाऊन येऊ."
पस्तीस वर्षांत कुणी मला कुष्टा म्हटलं नव्हतं.

निमंत्रणावर डॉ. एर्मेलिंदा कुलासो,
नावाखाली चार ओळी पदं,
जिनिव्हा, नैरोबी, कसलीशी समिती, तिचं अध्यक्षपद.
मला आठवतात रबरी चपला
सिमेंटच्या पाण्यात भिजलेल्या,
आणि बेबिंकच्या रिकाम्या डब्यात काचपट्ट्या.

तेव्हा पणजीत इमारती उगवत होत्या.
स्लॅबवर आळी बांधून पाणी, पाण्यात अळ्या,
खालच्या मजल्यांवर गुलबर्ग्याकडची माणसं झोपलेली.
बाई बोट धरत, मी टोचत असे.
एक थेंब जाड, एक पातळ.
कानडी त्या तिथेच शिकल्या, चुकत चुकत.
बायका हसत,
हसता हसता बोट पुढे करत.

चवथीच्या आदल्या दिवशी
चौथा मजला माझ्याकडे होता.
डिचोलीची शेवटची बस साडेसहाला,
पिशवीत माटोळीचं सामान.
मी खालूनच लिहिलं: दार बंद.

चौथ्या मजल्याला तेव्हा दारच नव्हतं.

सणानंतर परतलो तर रजिस्टरात
माझ्या अक्षराखाली बाईंचं अक्षर:
सिद्दव्वा, वय सहा. उशीर.
माझी ओळ खोडली नव्हती.
मला काही विचारलं नाही, तेव्हाही,
नंतर दर नाताळच्या कार्डातही नाही,
ज्यांची तिकिटं माझ्या पोराने जमवली.

एकदा परदेशातून शिकून आलेला
एक तरुण डॉक्टर सांगत होता,
बाईंचा तिकडे दरारा आहे.
कुठल्याही देशात जावोत, अहवाल बाजूला सारतात,
"दार बंद" लिहिलेली पाच घरं निवडतात
आणि स्वतः चढतात.
मी चहा ढवळत राहिलो. साखर कधीच विरघळली होती.

आता तिथे फ्लॅट आहेत, रखवालदार आहे.
"लिफ्ट आहे, बाई."
"दिसते मला."
कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत.
तिसऱ्यावर थांबल्या. बरं झालं,
माझाही श्वास संपला होता.

चौथ्यावर तीन दारं.
"तू वाजव," म्हणाल्या.

आत कुकरची शिट्टी. मग कडी.
शाळेच्या गणवेशातली एक मुलगी, एकच वेणी घातलेली,
दुसरी अजून व्हायची होती.
"कोण पाहिजे?"

एवढी वर्षं उत्तर तयार ठेवलं होतं,
ते या प्रश्नाचं नव्हतं.

बाई तोवर वाकल्या होत्या.
दाराशेजारच्या कुंडीखालची बशी उचलली,
पाणी उजेडात धरून पाहिलं,
जिन्याच्या कोपऱ्यात ओतलं,
नव्या रुमालाने बशी कोरडी केली.
"दर रविवारी, हं."

मुलगी आत वळून ओरडली,
"आई, तपासायला आलेत!"

माझ्या खिशात फोन थरथरत होता,
सभागृहात पाहुणे येऊन बसले असणार.
बाई पुढच्या दाराकडे बघत होत्या.
मी बेल वाजवली.